बाटलीवर जनावराचे नाव हवे

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ओळखीच्या एका वस्तीवरून मला बोलावणे आले. सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन काही वर्षे झाली असली, तरी जुनी माणसे अजून हाक मारतात आणि मी जातो. त्यांच्या देवणी बैलाला तिवा झाला होता. अंगात ताप, तोंडातून लाळ, आज या पायाने लंगडणे तर उद्या त्या पायाने, आणि वैरणीकडे पूर्ण पाठ. मी पोहोचलो तोवर बैल सावरला होता. गावातल्याच एका तरुणाने तीन दिवस इंजेक्शने दिली होती, आणि तिव्यात बैल बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी उठतोच. घरच्या मावशी म्हणाल्या, "बैल उठला साहेब, पण कुत्रं पडलंय बघा." कडब्याच्या गंजीखाली त्यांचा राखणीचा कुत्रा निपचित पडला होता. हिरड्या पांढऱ्याफटक आणि शेपटीखाली डांबरासारखी काळी विष्ठा चिकटलेली. त्याचा पाय मुरगळला होता, म्हणून बैलाच्या बाटलीत उरलेल्या औषधातून त्यालाही रोज चार मिली टोचले होते. शेळीलाही थोडे दिले होते. मी त्या तरुणाला विचारले, तेव्हा त्याने अगदी निरागसपणे सांगितले, "दुखण्याचंच औषध आहे साहेब, सगळ्यालाच चालतंय की."

बाटली मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाची होती, मिलीला ५ मिलिग्रॅमची. पंधरा किलोच्या कुत्र्याला पहिल्या दिवशी अर्ध्या-पाऊण मिलीत भागले असते आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्याही निम्मे पुरले असते. त्याला तीन दिवस त्याच्या कितीतरी पट औषध मिळाले होते. जठराला व्रण पडून आतल्या आत रक्तस्राव झाला आणि दुसऱ्या दिवशी तो मेला. औषध बनावट नव्हते, मुदतही संपलेली नव्हती, बंदीही नव्हती. गिधाडांसाठी सुरक्षित म्हणून ज्याचा आम्ही सगळे आग्रह धरतो, तेच हे औषध. मला दोष त्या तरुणाला द्यावासा वाटत नाही. त्याला कोणी कधी सांगितलेच नव्हते की औषध टोचण्याआधी पहिला प्रश्न रोग कोणता हा नसून जनावर कोणते हा आहे. आणि ज्या व्यवस्थेने ते सांगायला हवे होते, तिने स्वतःच हा प्रश्न गेल्या तीस वर्षांत फार उशिरा आणि फार थोड्या वेळा विचारला आहे.

माझे म्हणणे असे आहे की वेदना आणि दाह कमी करणाऱ्या औषधांना परवानगी देताना 'पशूंसाठी' अशी एकच ढोबळ परवानगी देणे थांबवले पाहिजे. परवानगी गायीसाठी वेगळी, शेळीसाठी वेगळी, कुत्र्यासाठी वेगळी असावी. औषध दिलेले जनावर मेल्यावर ज्यांच्या पोटात ते जाणार आहे, त्या गिधाड-गरुडांचाही विचार त्या परवानगीतच व्हावा. आणि हे सगळे सिद्ध करण्याचा भार औषध विकणाऱ्यावर असावा, तोही पहिली बाटली बाजारात येण्याआधी.

यामागचे शरीरशास्त्र अवघड नाही. या गटातली औषधे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. ही द्रव्ये सूज आणि वेदना वाढवतात हे खरे, पण तीच जठराच्या अस्तराची राखण करतात आणि शरीरातले पाणी किंवा रक्त कमी पडले असता मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. म्हणून औषध आपले काम करून वेळेवर निघून गेले तर उपकारक, आणि रेंगाळले तर तेच जठराला आणि मूत्रपिंडाला भोवणारे. निघून जाण्याची वाट साधारणपणे यकृतातून जाते. तिथली विकरे आधी औषधाच्या रेणूत थोडा बदल करतात, मग त्याला साखरेपासून बनलेल्या एखाद्या आम्लाची जोड देऊन तो पाण्यात विरघळेल असा करतात, आणि मग मूत्रपिंड त्याला लघवीतून किंवा यकृत पित्तातून बाहेर काढते. ही विकरे कोणत्या प्राण्यात किती आहेत, लघवी आम्लधर्मी की अल्कधर्मी, पित्तातून आतड्यात गेलेले औषध पुन्हा रक्तात शोषले जाते की नाही, यावर सगळा हिशेब ठरतो. रक्तातले औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, म्हणजे अर्धायुकाल, हे त्या हिशेबाचे सोपे माप. हे माप प्राण्याच्या वजनावरून किंवा आकारावरून काढता येत नाही. ते त्या त्या प्राण्यातच मोजावे लागते.

सगळ्यांच्या ओळखीच्या ॲस्पिरिनचेच पाहा. शरीरात त्याचे सॅलिसिलेट बनते. शिरेतून दिलेल्या सॅलिसिलेटचा अर्धायुकाल गायीत साधारण अर्धा तास, शेळीत पाऊण तास, घोड्यात एक तास, डुकरात सहा तास, कुत्र्यात आठ-साडेआठ तास आणि मांजरात तब्बल ३७ तासांच्या आसपास मोजला गेला आहे. चारा खाणाऱ्या जनावरांची लघवी अल्कधर्मी असते. तिच्यात सॅलिसिलेट अडकून राहते आणि परत रक्तात न येता वाहून जाते. मांजराची गोष्ट उलटी. पिढ्यानपिढ्या निव्वळ मांसावर जगलेल्या या कुळात, वनस्पतींतल्या फिनॉलसारख्या द्रव्यांना साखरेच्या आम्लाची जोड देणारे एक महत्त्वाचे जनुक मोडून पडले आहे. वाघ-सिंहांतही ते तसेच मोडलेले आहे. गायीला जे औषध दर काही तासांनी द्यावे लागते, ते मांजराला दोन-तीन दिवसांतून एकदा, तेही चिमूटभर.

पॅरासिटामॉल तर मांजराला विषच आहे. माणसाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घ्यायला पुरते, कारण जोड न मिळालेले औषध दुसऱ्या वाटेने फुटते आणि त्यातून निघणारी द्रव्ये रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्तीच काढून घेतात. अशा मांजराचे रक्त मी सिरिंजमध्ये घेऊन पाहिले आहे. ते लाल नसते, गुळाच्या काकवीसारखे तपकिरी दिसते. हिरड्याही तशाच रंगाच्या होतात, तोंड आणि पंजे सुजतात. मांजर घेऊन येणाऱ्या माणसाने बहुतेक वेळा मायेपोटीच, ताप आला म्हणून, घरातल्या लेकराच्या औषधातले थोडे दिलेले असते. या मायेला कोणती तरी एक ओळ आडवी यायला हवी होती, आणि ती गोळीच्या पाकिटावर कुठेही नसते.

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत एकाच माळावर घोडे, गाढवे, उंट, लाल कंधारी आणि देवणी बैल, उस्मानाबादी शेळ्या आणि शिकारी जातीची कुत्री अशी सगळी जनावरे एकत्र दिसतात. लंगडणारा घोडा तिथे नवीन नाही, आणि घोड्याच्या लंगडण्यावर फेनिलब्युटाझोन हे जगभर वापरले जाणारे जुने औषध आहे. घोड्यात त्याचा अर्धायुकाल पाच-सहा तासांचा, म्हणून ते दिवसातून एक-दोनदा दिले जाते. तेच औषध त्याच वेळापत्रकाने गायी-बैलाला दिले तर? गायीत त्याचा अर्धायुकाल ४० ते ५५ तासांपर्यंत जातो. रोज एक मात्रा दिली की कालचे बरेचसे औषध अंगात असतानाच आजचे येते, आणि आठवड्याभरात रक्तातला साठा एका मात्रेच्या तिप्पट-साडेतीनपट होतो. दूध पिणाऱ्या माणसात तर हेच औषध सुमारे तीन दिवस निम्म्यावर येत नाही, आणि काही माणसांत ते अस्थिमज्जेलाच बंद पाडते, म्हणून अनेक देशांनी दुभत्या जनावरांत त्याला मज्जाव केला आहे. दिसायला घोड्याच्या जवळचे असलेले गाढव मात्र त्याला घोड्यापेक्षाही वेगाने बाहेर टाकते. वीटभट्टीवर ओझी वाहणाऱ्या गाढवाला घोड्याच्या हिशेबाने औषध दिले, तर दिवसाचा बराच वेळ ते बिचारे वेदनेतच चालत राहते.

कुत्र्याचा एक धोका घरातल्या माणसांच्या गोळ्यांतून येतो. सांधेदुखीवर माणसाला दिल्या जाणाऱ्या नॅप्रॉक्सेनचा अर्धायुकाल माणसात सुमारे १४ तास आणि कुत्र्यात ७४ तासांपर्यंत आढळला आहे, कारण पित्तातून आतड्यात उतरलेले औषध कुत्र्याच्या शरीरात पुन्हा पुन्हा शोषले जाते. माणसासारखे दिवसातून दोनदा दिले, तर काही दिवसांनी कुत्र्याच्या अंगात एका मात्रेच्या सुमारे नऊपट औषध साठलेले असते. तेवढे होईपर्यंत तो जगत नाही.

आता ज्याने सुरुवात केली त्या मेलॉक्सिकॅमकडे येतो. गायीत आणि कुत्र्यात त्याचा अर्धायुकाल साधारण एका दिवसाचा, शेळीत सुमारे ११ तासांचा, घोड्यात आठ तासांचा, डुकरात अडीच तासांचा. आणि गिधाडात तो एका तासाच्याही आत. याच गिधाडात डायक्लोफेनॅक हे याच गटातले दुसरे वेदनाशामक बारा तास किंवा त्याहून जास्त काळ निम्म्यावर येत नाही, आणि माणसात मात्र तेच डायक्लोफेनॅक तास-दोन तासांत निम्मे होते. औषधाला सौम्य किंवा जहाल म्हणणे किती अर्थहीन आहे, हे या दोन ओळींत दिसते. जे माणसाला सौम्य ते गिधाडाला जहाल, आणि जे कुत्र्यात दिवसभर राहते ते गिधाड तासाभरात निम्मे करते. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, ही म्हण आपण दुसऱ्याच्या दुःखाबद्दल वापरतो. औषधांच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे.

इथे मला स्वतःबद्दल थोडे सांगावे लागेल. मी नोकरीला लागलो तो काळ १९९० च्या दशकाचा. जनावरांसाठीचे डायक्लोफेनॅक तेव्हा नुकतेच आले होते, स्वस्त होते आणि गुण लवकर देत होते. खाली बसलेली गाय दुपारपर्यंत उठून उभी राहायची, आणि त्या वेळी मालकाच्या चेहऱ्यावर जे दिसते ते पाहिलेल्या कोणत्याही पशुवैद्याला तेच औषध पुन्हा पुन्हा हाती घ्यावेसे वाटणारच. मी ते शेकडो जनावरांना दिले. त्यातली काही वाचली, काही गेली. जी गेली ती गावाबाहेरच्या माळावर टाकली गेली. लहानपणी आमच्या गावच्या माळावर मेलेल्या बैलाभोवती गिधाडांचा एवढा गराडा पडायचा की खालचे जनावर दिसायचे नाही, आणि संध्याकाळपर्यंत हाडे उरायची. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत तो गराडा विरळ होत गेला आणि मग संपला. मला ते दिसत होते, पण त्याचा माझ्या हातातल्या सिरिंजशी काही संबंध असेल हे स्वप्नातही आले नाही. ज्यांनी औषधाला परवानगी दिली त्यांच्याही आले नसावे, कारण तो प्रश्न विचारण्याची पद्धतच नव्हती.

राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांच्या लक्षात ही घसरण १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. कारण सापडले ते पाकिस्तानात. तिथे मेलेल्या गिधाडांची चिरफाड करून तपासणी झाली आणि २००४ मध्ये संशोधकांनी डायक्लोफेनॅककडे बोट दाखवले. पक्षी नत्रयुक्त कचरा युरियाच्या नव्हे तर युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतात, आणि त्याचा मोठा भाग मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांना स्वतः ओढून बाहेर काढावा लागतो. डायक्लोफेनॅक त्या नलिकांच्या पेशीच मारते. मग युरिक आम्ल रक्तात साठते आणि त्याचे पांढरे, चुन्यासारखे थर हृदयावर, यकृतावर, मूत्रपिंडावर बसतात. गिधाड मान खाली टाकून दोन-तीन दिवसांत मरते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला निम्मे पक्षी मारणारी मात्रा किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास निघाली, म्हणजे पाच किलोच्या पक्ष्याला अर्धा ते एक मिलिग्रॅम. माणसाच्या एका साध्या गोळीत ५० मिलिग्रॅम असते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली, आणि लांब चोचीची व बारीक चोचीची मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी. एवढ्या घसरणीसाठी मेलेल्या जनावरांपैकी एक टक्क्याहूनही कमी जनावरांत हे औषध असणे पुरेसे होते, असे गणिताने दाखवले गेले. प्रत्यक्षात ते सुमारे दहा टक्के जनावरांत सापडत होते.

अमेरिकेतल्या टर्की गिधाडाला शंभरपटीहून जास्त मात्रा देऊनही ते मेले नाही. नाव गिधाड, अन्नही मेलेली जनावरे, पण कूळ वेगळे. उलट आपल्याकडच्या स्टेप गरुडाला, जो गिधाड नाही, डायक्लोफेनॅकने मारल्याचे राजस्थानातच दिसून आले आहे. म्हणजे एका पक्ष्यावर घेतलेली चाचणी दुसऱ्याला लागू धरणेही धोक्याचे. हा मुद्दा मी मुद्दाम ताणून सांगतो आहे, कारण 'पक्ष्यांवर चाचणी झाली, कोंबड्यांना काही झाले नाही' असा युक्तिवाद ऐकण्याची वेळ आपल्यावर येऊ शकते. कोंबडीला मारायला गिधाडाच्या कितीतरी पट डायक्लोफेनॅक लागते.

आपल्या कायद्याने यातून काय घेतले ते पाहिले की मन खट्टू होते. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बनवण्यावर बंदी आली आणि २००८ मध्ये तिला शिक्षेची धार आली. हे काम मोठेच होते, त्यामागच्या माणसांचे ऋण मानले पाहिजे. पण बंदी एका नावावर होती. माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या ३० मिलीच्या बाटल्या मेडिकलमध्ये तशाच मिळत राहिल्या. मिलीला २५ मिलिग्रॅम धरले तर त्या बाटलीत ७५० मिलिग्रॅम होते, आणि तीनशे किलोच्या गायीला किलोमागे अडीच मिलिग्रॅमप्रमाणे नेमके तेवढेच लागते. कोणत्या माणसाला एका वेळी ३० मिली टोचायचे होते? बंदीनंतर, २००७ ते २०१० या काळात, अकरा राज्यांतल्या अडीचशेहून अधिक औषध दुकानांची पाहणी झाली, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी जनावरासाठी म्हणून डायक्लोफेनॅक मिळाले. माणसांची कुपी ३ मिलीच्या एका मात्रेपुरती मर्यादित करायला २०१५ उजाडले. त्यालाही न्यायालयात आव्हान दिले गेले आणि २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते फेटाळले.

मधल्या काळात दुकानातल्या फळीवर ॲसिक्लोफेनॅक आले. हे औषध गायीच्या शरीरात गेले की तिचे यकृत त्याचे थोड्याच वेळात डायक्लोफेनॅक करते. म्हशीतही तसेच होते. कायद्याने जे बाटलीत भरायला मनाई केली होती, ते जनावराच्या अंगात बनू लागले आणि कागदावर सगळे ठीक होते. किटोप्रोफेनचे आणखी वेगळे. थोड्या मात्रेत गिधाड ते पचवते, पण मात्रा एका पातळीच्या वर गेली की यकृताची क्षमता संपते, औषध साचू लागते आणि पक्षी मरतो. गुरांना दिलेल्या नेहमीच्या मात्रेनंतर मांसात राहणारे प्रमाण त्या धोक्याच्या पातळीला पोहोचू शकते. ही माहिती २०१० च्या सुमारास उपलब्ध होती, आणि बांगलादेशाने किटोप्रोफेनवर २०२१ मध्ये बंदी घातली. आपण ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन या दोन्हींवर बंदी घातली ती जुलै २०२३ मध्ये, आणि निमेसुलाइडवर २०२४ च्या डिसेंबर अखेरीस. पहिल्या बंदीपासून मोजले तर सतरा-अठरा वर्षे गेली. याच गटातले फ्लुनिक्सिन अजून वापरात आहे, आणि त्याने स्पेनमध्ये रानातले गिधाड मेल्याची नोंद आहे.

एकेक औषध बाजारात येते, पक्षी मरतात, कोणीतरी मेलेला पक्षी शोधून त्याची चिरफाड करतो, प्रयोगशाळेत अवशेष सापडतात, शासनाला पत्रे जातात, समिती बसते, आणि अखेर त्या एका नावावर फुली पडते. तोवर पुढचे नाव फळीवर आलेले असते. केंद्र सरकारच्या २०२० ते २०२५ च्या गिधाड संवर्धन आराखड्यात, गिधाडांना घातक ठरलेले औषध पशुवैद्यकीय वापरातून आपोआप काढले जावे अशी व्यवस्था सुचवली होती. सूचना चांगली आहे, पण तिच्यातही घातक ठरण्याची वाट पाहणे आहेच. माझ्या मते क्रम उलटा हवा. मेलॉक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक आम्ल ही दोन औषधे गिधाडांवरच्या चाचण्यांत सुरक्षित ठरली आहेत. गुरांसाठीच्या या गटातल्या इतर प्रत्येक औषधाने आधी तेवढी परीक्षा द्यावी, आणि ती देईपर्यंत गायी-म्हशींसाठी त्याची विक्री थांबावी.

यावर एक आक्षेप गरीब शेतकऱ्याच्या नावाने घेतला जातो. तो मला सर्वांत जास्त बोचतो, कारण माझे सगळे आयुष्य त्याच शेतकऱ्याच्या गोठ्यात गेले आहे. मेलॉक्सिकॅम आता अनेक भारतीय कंपन्या बनवतात, त्याचे पेटंट केव्हाच संपले आहे. ते महाग म्हणून परवडत नाही, ही स्थिती राहिलेली नाही. शेतकऱ्याला झटपट गुण हवा असतो हे खरे आहे, आणि मेलॉक्सिकॅमने गाय तासाभरात उठत नाही अशी तक्रार मीही ऐकली आहे. पण शेतकऱ्याला खरोखर परवडत नाही ती चुकीच्या मात्रेने गेलेली शेळी, राखणीचा कुत्रा, आणि औषधाचा अंश असलेले दूध म्हणून डेअरीने परत पाठवलेली घागर. गिधाडे गेल्यावर मेलेल्या जनावरांवर भटकी कुत्री पोसली जातात, पाण्यात घाण मिसळते, आणि त्याची किंमतही गावालाच मोजावी लागते. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख जादा माणसे दगावली असा अंदाज मांडला आहे.

दुसरा आक्षेप आमच्या भागातलाच आहे. मराठवाड्यात गिधाडे उरलीच कुठे, मग हा आटापिटा कशासाठी, असे मला चांगली शिकलेली माणसे विचारतात. गिधाड एका जिल्ह्याचे रहिवासी नसते, एका उड्डाणात ते तालुकेच्या तालुके ओलांडते. जानेवारी २०२४ मध्ये पेंच आणि ताडोबात संवर्धन केंद्रात वाढवलेली गिधाडे आणण्यात आली आणि काही महिन्यांनी सोडण्यात आली, आणि ताडोब्याहून नांदेडचे माळ त्यांच्या पंखांना दूर नाहीत. आणि आमच्याकडची परिस्थिती इतरांहून अधिक नाजूक आहे. २०१५ पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी असल्याने म्हातारे जनावर बहुधा मालकाच्याच दावणीला मरते. मरण्याआधी मालक त्याला बघवत नाही म्हणून वेदनाशामक टोचून घेतो. हे त्याने करू नये असे मी कधीच म्हणणार नाही. ज्या बैलाने पंधरा वर्षे औत ओढले, त्याला शेवटच्या चार दिवसांत वेदनेत ठेवणे हा अधर्म आहे. म्हणूनच त्या चार दिवसांत त्याच्या मानेत जाणारे औषध असे हवे की मेल्यानंतर माळावर त्याच्यावर उतरणाऱ्या कोणत्याही पक्ष्याला बाधू नये.

बाकी गोष्टी लहान आहेत, पण त्या झाल्याशिवाय मोठा कायदा गोठ्यापर्यंत पोहोचत नाही. बाटलीवर मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत, हे औषध कोणत्या जनावरासाठी आहे आणि कोणाला मुळीच द्यायचे नाही, हे लिहिलेले असावे. 'पशुवैद्यकीय उपयोगासाठी' हे शब्द पुरेसे नाहीत. किलोमागे मात्रा जनावरनिहाय असावी, आणि दोन मात्रांमधले अंतरही, कारण चूक बहुतेक वेळा अंतरातच होते. दूध किती दिवस वेगळे काढायचे हेही तिथेच हवे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी गायीचे, शेळीचे, कुत्र्याचे चित्र आणि मांजराच्या चित्रावर फुली एवढे तर छापता येईल. जे तरुण गावोगाव जनावरांना इंजेक्शने देतात त्यांना चोर ठरवून काही साधणार नाही. दवाखाने कमी, पदे रिकामी, अंतरे लांब, अशा स्थितीत रात्री दोन वाजता फुगलेल्या म्हशीपाशी तेच पोहोचतात. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथून दर हंगामाआधी अशा मुलांना दोन दिवस बोलावून, कोणत्या शरीरातून कोणते औषध किती वेळात बाहेर पडते एवढाच एक विषय शिकवता आला, तर त्याचा उपयोग कोणत्याही भित्तीपत्रकापेक्षा जास्त होईल.

त्या वस्तीवरच्या तरुणाला मी नंतर घरी बोलावले. त्याच्या पिशवीतल्या सहा बाटल्या आम्ही ओसरीवर मांडल्या आणि प्रत्येकीवर पांढरी चिकटपट्टी लावली. मेलॉक्सिकॅमच्या पट्टीवर त्याने आपल्या हाताने लिहिले : गाय, म्हैस, बैल, दिवसातून एकदा, किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, कुत्रा, डॉक्टरला विचारून, मांजर, नाही. एका बाटलीवरचे नाव वाचता येत नव्हते, ती त्याने बाजूला काढली. जाताना त्याने विचारले, "साहेब, शेळीचं काय लिहू?" शेळीच्या अंगातून ते गायीच्या निम्म्या वेळात निघून जाते, म्हणून तिचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. आम्ही वही घेऊन पुन्हा बसलो.